गुरू उकळतोय, शनी थरथरतोय: दुर्बीण बिघडली असं ठरवण्याआधी

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. "पहिल्या दिवशी चंद्र मस्त दिसला, त्यानंतर काहीच धड दिसत नाही." आणि पुढचा प्रश्नही ठरलेला, "आरसा हलला असेल का?"

हललाही असेल, पण तो संशय रांगेत सगळ्यात मागे उभा करा. मी नेमकं उलटं केलं होतं म्हणून हे सांगतेय. नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर ७६ मिलिमीटरची छोटी, आरशाची दुर्बीण घेऊन पहिला हिवाळा काढला आणि त्यातले दोन महिने आरशामागचे स्क्रू पिळण्यात घालवले. दुर्बीण चांगली होती, मी ती बिघडवली. मग ती सरळ करायला शिकले, आणि मूळ दुखणं तिथंच राहिलं. संध्याकाळी साडेसातला गुरू बघावा तर उकळत्या पाण्यातल्या साबुदाण्यासारखा. एकदा झोप येत नव्हती म्हणून रात्री अकराला वर गेले, तर त्याच गुरूवर दोन पट्टे पेन्सिलीनं आखल्यासारखे. दुसऱ्या संध्याकाळी साडेसातला पुन्हा साबुदाणा.

हे चार-पाच दिवस सलग झालं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आरसा काही घड्याळ बघून बिघडत नाही.

तर "काही दिसत नाही" या एका वाक्यात पाच वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. काळाकुट्ट अंधार दिसतो, की मधोमध भोक असलेला गोळा दिसतो? चित्र थरथरतं, की उकळतं? की सगळं आकाशच पांढुरकं, ताक सांडल्यासारखं? कोणतं ते आधी ठरवा, मग हात लावा.

काळाकुट्ट अंधार

सोप्यापासून सुरू करते. दुर्बिणीच्या तोंडावरच्या मोठ्या झाकणाला बऱ्याचदा एक छोटं झाकण असतं, बाटलीच्या बुचाएवढं. नवीन माणूस ते छोटं काढतो, मोठं तसंच राहतं. चंद्र इतका तेजस्वी असतो की त्या भोकातूनही छान दिसतो, म्हणून पहिल्या दिवशी शंका येत नाही. दुसऱ्या दिवशी ताऱ्यांकडे वळलं की अंधार. हसू नका, माझ्याकडे 'बिघडली' म्हणून आलेल्या दोन दुर्बिणींचा आजार एवढाच होता.

झाकण काढलेलं असेल तर दोष फाइंडरचा. वरची ती छोटी नळी आणि खालची मोठी नळी वेगवेगळ्या दिशांना बघत असतात. २० मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावला तर या दुर्बिणीतून आकाशाचा एक-दीड अंशाचा तुकडा दिसतो, म्हणजे शेजारी शेजारी मांडलेले दोन-तीन पूर्णचंद्र. ४ मिलिमीटरच्या आयपीसमधून पाव अंश, अर्धा चंद्रच. फाइंडर बोटभर जरी चुकीचा असला तरी एवढ्या तुकड्यात गुरू सापडणं म्हणजे पोत्यात मोहरी.

फाइंडर रात्री जुळवू नका, दिवसा जुळवा. गच्चीवरून निदान एक किलोमीटर लांबचं काहीतरी टोकदार शोधा: देवळाचा कळस, मोबाइल टॉवरचं टोक. मी पांडवलेण्याच्या डोंगराकडे तोंड करते, त्या बाजूला टॉवरांची कमी नाही. आधी मोठ्या नळीत २० चा आयपीस लावून टॉवरचं टोक मधोमध आणायचं आणि दुर्बीण आवळून टाकायची. मग फाइंडरचे तीन स्क्रू एकेक करून फिरवत तेच टोक त्याच्या फुलीवर आणायचं. चित्र उलटं दिसेल, तो दोष नाही. आकाशात वर-खाली असं काही नसतं म्हणून खगोलाच्या दुर्बिणींत चित्र सरळ करायची सोयच ठेवत नाहीत. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण दुर्बीण आत-बाहेर केली की पुन्हा तपासावं लागतं, कारण त्या प्लॅस्टिकच्या कड्या कशानेही सरकतात.

दिवसा दुर्बीण बाहेर काढलीत म्हणून एक गोष्ट इथंच सांगून टाकते. सूर्याच्या जवळपासही ती फिरवायची नाही, फाइंडरसुद्धा नाही. बऱ्याच स्वस्त खोक्यांत आयपीसला लावायची एक काळी काच मिळते, सूर्य बघायची म्हणून. दुर्बीण सगळं ऊन गोळा करून त्या नाण्याएवढ्या काचेवर टाकते. काच तापते, तडकते आणि त्या क्षणी डोळा तिथंच असतो. मी आमची काच खलबत्त्यात फोडून टाकली. सूर्य बघायचा तर दुर्बिणीच्या तोंडावर बसणारा, पूर्ण तोंड झाकणारा खास फिल्टरच हवा. २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे, आपल्याकडे खंडग्रास. ऑगस्टातले ढग बघू देतील की नाही हा भाग वेगळा, पण त्या दिवशी असल्या काळ्या काचा पेट्यांतून बाहेर निघणार याची मला धास्ती आहे.

मेदूवडा

शेजारच्या काकूंनी शनी बघायला डोळा लावला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर मेदूवडा!" मधोमध काळं भोक, भोवती उजळ कडं. त्यांना तीच शनीची कडी वाटली. तो शनी नव्हता, फोकस न झालेला साधा तारा होता. आरशाच्या दुर्बिणीत तोंडाशी एक छोटा तिरका आरसा बसवलेला असतो, भोक म्हणजे त्याची सावली. फोकसची चाकी हळूहळू फिरवत गेलं की वडा आक्रसतो, मग ठिपका होतो. आणखी फिरवलं तर पुन्हा वडा. ठिपक्याच्या जागी थांबायचं. तारा कितीही मोठं करून बघितलं तरी ठिपकाच राहणार. तो थाळीएवढा दिसतो म्हणून खूश होणारे खूप भेटतात.

चष्मेवाल्यांचा नेहमीचा प्रश्न: लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून बघा, फोकसची चाकी तो नंबर भरून काढते. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर मात्र चष्मा ठेवावा लागतो.

शनीचंच निघालं म्हणून. २०२५ च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्याला अगदी कडेनं दिसत होती, म्हणजे जवळपास दिसतच नव्हती. साधारण पंधरा वर्षांनी एकदा असं होतं. त्या वर्षी दुर्बीण घेतलेल्या माणसाला "शनीला कडीच नाही, फसवलं" असं वाटलं असेल तर त्याची चूक नाही. आता ती कडी दर वर्षी थोडी थोडी उघडत चालली आहे.

५२५ पट

खोक्यावर हा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. तो येतो असा: दुर्बिणीचं नाभीय अंतर (आरशापासून चित्र जमतं तिथपर्यंतचं) ७०० मिलिमीटर, भागिले आयपीसचे ४ मिलिमीटर, म्हणजे १७५. त्यावर ३ पटींचा बार्लो, म्हणजे चित्र आणखी मोठं करणारं जोडभिंग, लावला की ५२५. गणित बरोबर आहे, दुर्बिणीला ते झेपत नाही एवढंच. ढोबळ हिशेब असा की आरशाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपर्यंत वाढवलेलं चित्र कामाचं. ७६ ला दीडशे. तेही हवा शांत असेल त्या रात्री. त्यापुढे चित्र मोठं होतं पण त्यात नवं काही दिसत नाही. पावभर ताकात बादलीभर पाणी ओतल्यासारखं होतं.

४ मिलिमीटरच्या आयपीसचा आणखी एक छळ आहे, तो कुणी सांगत नाही. त्यातून डोळ्यात शिरणारी प्रकाशाची दांडी अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक होते. एवढ्या बारीक प्रकाशात आपल्याच डोळ्यातले तरंगणारे धागे, ठिपके दिसायला लागतात. लोक त्यांना आरशावरचे केस समजतात आणि आरसा पुसायला काढतात. बुबुळ हलवून बघा. धागे सोबत हलले तर ते तुमचेच आहेत, आरशाला हात लावू नका.

म्हणून पहिले दोन महिने फक्त २० चा आयपीस. ३५ पट. कमी वाटतं ना? गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र साधारण २० पटींच्या दुर्बिणीतून पाहिले. ३५ पटींत तुम्हाला ते चारही दिसतील, रोज जागा बदललेले. गुरूला ४५ पट मोठं केलं की तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा होतो. हे कुणालाच पटत नाही, कारण काळ्या वर्तुळात एकटा लटकलेला गुरू कायम छोटाच वाटतो. नजर सरावायला वेळ लागतो.

एक गंमत मला नेहमी वाटत आली आहे. आपल्या गावाची सगळ्यात मोठी जत्रा गुरूच्या फेरीवर ठरते. सूर्याभोवती फिरायला त्याला ११.८६ वर्षं लागतात, तो सिंह राशीत आला की आपल्याकडे सिंहस्थ. आणि तरी गच्चीवर उभ्या असलेल्या दहा नाशिककरांना "यातला गुरू दाखवा" म्हटलं तर नऊ जण विमानाकडे बोट दाखवतात. २०२६ च्या डिसेंबरात तो मघेच्या जवळपास असेल, रात्री उशिरा पूर्वेला. लुकलुकत नाही आणि त्या भागात त्याच्याइतकं तेजस्वी दुसरं काही नसतं.

उकळणारा गुरू, म्हणजे आपला स्लॅब

आता माझ्या साबुदाण्याकडे येते.

गच्चीचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सूर्य गेल्यावर ते कित्येक तास सोडत बसतो. अनवाणी उभं राहा, साडेसातला तळव्यांना कळतं. त्या उष्ण हवेचे झोत वर चढतात, आणि आपण नेमके त्यातून बघत असतो. डांबरी रस्त्यावर दुपारी जे पाणी दिसतं, तोच प्रकार. शिवाय दुर्बीण घरातून आणलेली, आरसा अजून खोलीच्या तापमानावर. नळीच्या आतही एक छोटी चूल पेटलेली असते.

हे डोळ्यांनी बघता येतं. एखादा तेजस्वी तारा पकडा, व्याध उत्तम. फोकस मुद्दाम बिघडवून त्याचा मोठा वडा करा. आता दुसऱ्या कुणाला तरी दुर्बिणीच्या तोंडासमोर, कडेपाशी हात धरायला सांगा. आमच्याकडे हा हात लेकाचा होता. वड्यात त्याच्या बोटांच्या काळ्या सावल्या आल्या, आणि त्या बोटांवरून काहीतरी पातळ, चकाकणारं वाहत निघालेलं दिसलं. उदबत्तीचा धूर उठतो तसं. त्याच्या हाताची ऊब होती ती. "आई, हात गरम नाहीये माझा," तो म्हणाला, आणि खरंच, बाहेर चांगलीच थंडी होती. हाताएवढ्या उबेनं एवढं होत असेल तर दोन हजार चौरस फुटांच्या स्लॅबनं काय होत असेल!

हात काढून घ्या आणि नुसता वडा बघत राहा. आतून आळसटपणे, एकाच बाजूनं काही सरकत असेल तर ती नळीतली ऊब आहे. आरसा गार झाला की थांबते. सगळ्या वड्यावरून झरझर पाणी वाहतंय असं दिसलं तर ते वरच्या हवेचं काम, त्यावर इलाज नाही, त्या दिवशी ग्रह सोडा आणि तारकापुंज बघा. आणि खालून वर सतत लाटा येत असतील तर स्लॅब, शेजारचा पत्रा, नाहीतर कुणाच्या तरी एसीचं बाहेरचं यंत्र.

इलाज साधे आहेत. दुर्बीण बघायच्या आधी पाऊण तास बाहेर, सावलीत, झाकण लावून ठेवायची. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला दुपारपासून सावली असते. तिथला स्लॅब लवकर निवतो, म्हणून मी तिथंच तिवई मांडते. मातीचं अंगण असेल तर गच्चीचा नाद सोडून खाली उतरा, चित्र लगेच शहाणं होतं. उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारून बघितलं, मला तरी फरक जाणवला नाही, उलट पाय घसरला. आणि सगळ्यात मोठा इलाज: ग्रह बघायला घाई करू नका. आठला तारकापुंज, दहानंतर ग्रह, हा क्रम ठेवा.

ग्रह कुठे आहे तेही बघा. क्षितिजापासून ३० अंशांवरच्या ग्रहाकडे बघताना आपण डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट हवेतून बघतो. त्याखाली तर विचारूच नका. दर फेब्रुवारीत मला एक तरी फोन येतो, "दक्षिणेला एक तारा लाल-हिरवा-निळा होतोय, ड्रोन आहे का?" तो अगस्त्य असतो. नाशिकहून तो फार तर १७ अंश वर चढतो, इमारतींच्या डोक्यावरून लोळत जातो, आणि तेवढ्या जाड हवेत त्याचे रंग फुटतात. व्याधही उगवताना हेच करतो.

थरथर, आणि आपले २० अंश

चित्र उकळत नसून हलत असेल तर दुर्बिणीला टिचकी मारा आणि मनात मोजा. तीन-चार आकड्यांत थांबलं तर चालण्यासारखं आहे. दहापर्यंत गेलं तर तिवईचे पाय पूर्ण बाहेर काढलेले असणार. ते आत ढकला आणि खुर्चीवर बसून बघा. मधल्या ताटलीला दोरीनं विटेची पिशवी टांगा. पायांखाली गोणपाटाची घडी ठेवली की खालच्या मजल्यावरचं दार आपटलेलं गुरूला कळत नाही.

दुर्बीण हलत नसून गुरूच चालत निघाला असेल, तर ती पृथ्वीची फिरकी. आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतं. २० च्या आयपीसमधून वस्तू चार-पाच मिनिटं टिकते, ४ च्या आयपीसमधून एक मिनिट. पाहुण्याला बोलावेपर्यंत ग्रह गेलेला असतो. हेही कमी पटींच्याच बाजूचं.

ज्यांच्याकडे वजन लटकवलेलं, तिरक्या अक्षाचं माउंट (तिवईवरचा, दुर्बीण धरून फिरवणारा सांधा) आहे त्यांचा त्रास वेगळा. मला या माउंटचा मनस्वी राग आहे. नवशिक्याला साधं वर-खाली, डावं-उजवं फिरणारं माउंटच द्यावं असं माझं मत आहे. पण खोक्यात आलंय तर वापरायला हवं. त्याचा तिरका अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो आणि ध्रुव जितका अक्षांश तितकाच वर असतो. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. सोबतच्या पुस्तिकेतलं चित्र मात्र युरोप-अमेरिकेचं, चाळीस-पन्नास अंशांचं. बरेच जण चित्रासारखं दिसतंय म्हणून तसंच ठेवतात आणि मग गुरूच्या मागे चाकी फिरवली की गुरू भलतीकडेच जातो. अंशांच्या पट्टीवर २० लावा. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे दहा अंश होते. उत्तर क्षितिजावर एकावर एक दोन मुठी रचा, तिथं ध्रुव. आमच्याकडून समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी येते, मी टाकीचाच अंदाज धरते. बघण्यापुरतं तेवढं पुष्कळ.

पट्टी २० वर आणली की नवीन भानगड: वजनाची दांडी जवळजवळ उभी लटकते आणि उत्तरेकडच्या पायावर आपटते. हा दोष समजून एकानं दुर्बीण परत करायला दुकानात नेली होती. काही नाही, तिवई फिरवून अशी ठेवा की उत्तर दिशा दोन पायांच्या मधोमध येईल. दांडीला जागा मिळते.

मोबाइलचं होकायंत्र टाकीजवळच्या लोखंडाशेजारी साफ खोटं बोलतं. दोन-तीन पावलं लांब जाऊन, फोन इंग्रजी आठाच्या आकारात फिरवून मग विश्वास ठेवा. स्टेलेरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या ॲपमध्ये तारे चुकीच्या जागी दिसण्याचं कारणही बहुधा हेच.

पांढुरकं आकाश

दुर्बीण ठीक, हवा ठीक, तरी देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी) म्हणजे काचेवर बोट पुसल्याचा डाग. तो डागच आहे. २५ लाख प्रकाशवर्षांवरचा. खोक्यावरची निळी-जांभळी चक्रं कॅमेऱ्यानं बराच वेळ प्रकाश साठवून काढलेली असतात. अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग कळतच नाहीत. नवशिक्यानं तिच्यापेक्षा मृगाच्या पोटातल्या बाणाखालचा तेजोमेघ आणि कृत्तिका यांच्यावर दुर्बीण रोखावी. शहरातूनही मन भरतं.

पण डागही दिसेना, तर तीन गोष्टी तपासा. पहिली, तुमचे डोळे. अंधाराला सरावायला त्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झळकीत ती कमाई जाते. विजेरीला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळा, स्टेशनरीच्या कोणत्याही दुकानात मिळतो. समोरच्या पार्किंगचा एलईडी थेट डोळ्यात येत असेल तर कठड्यावर वाळत घातलेली चादर कोणत्याही महागड्या फिल्टरपेक्षा कामाची. आमच्या पश्चिमेला अंबड-सातपूरच्या कारखान्यांचा उजेड कायमचा आहे, त्यामुळे मावळत्या ताऱ्यांवर मी पाणी सोडलंय आणि पूर्वेकडेच बघते.

दुसरी, तिथी. यासाठी कोणतंही ॲप नको, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. आमच्या सासूबाई संकष्टीला चंद्र बघायला गच्चीवर येतात आणि चंद्रोदयाची वेळ त्यांना तोंडपाठ असते. महिन्यानुसार साडेआठ-साडेनऊच्या आसपास. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्यास्त, सव्वासातला पूर्ण अंधार. म्हणजे संकष्टीच्या दिवशीही दीड-दोन तासांचं काळं आकाश फुकट मिळतं, आणि तिथून अमावास्येपर्यंत ते रोज वाढत जातं. "तुझं आटपलं की सांग, मग मी नैवेद्य आणते," असा आमचा करार झालाय.

उलट लोक दुर्बीण हमखास काढतात ती कोजागिरीला. दूध आटतंय, चंद्र डोक्यावर, मुलं रांगेत. आणि पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून बघायला सगळ्यात नीरस, कारण ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात. नुसती पांढरी थाळी, आणि डोळे दिपतात ते वेगळंच. शुद्ध सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर बघा, एकेका विवराची सावली लांब पडलेली असते.

तिसरी गोष्ट दव. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकड्यावर येतो त्या दिवसांत आपल्या गच्च्याही ओल्या होतात. दहा वाजेपर्यंत छान असलेलं चित्र साडेदहाला दुधी झालं तर आयपीसवर बॅटरी मारा, वाफ दिसेल. भिंगाची दुर्बीण असेल तर पुढच्या भिंगावरही. पुसायचं नाही, धूळ घासली जाते. केस वाळवायचं यंत्र कमीत कमी उबेवर, लांबून. काळ्या कार्डशीटची नळी करून तोंडावर चढवली, व्यासाच्या दीडपट-दुप्पट लांब, तर तास-दीड तास दव लांब राहतं. ओली झालेली दुर्बीण घरात आणल्यावर झाकण लावू नका, तोंड खाली करून वाळू द्या.

काळं आकाश हवं म्हणून बाहेर पडायचं तर त्र्यंबक रोडनं अंजनेरीच्या बाजूला वीसेक किलोमीटर गेलं तरी फरक कळतो, पेठ-हरसूलकडे आणखी. पण एकट्यानं जाऊ नका आणि उसाच्या कडेला बसू नका. बिबट्या हा आपल्याकडे गप्पांचा विषय नाही, शेजारी आहे. आम्ही ओळखीच्यांच्या शेतघराच्या गच्चीवर बसतो, कुत्रा भुंकला की गाडीचे दिवे लावतो, आणि अंधाराला सरावलेले डोळे गेले तर गेले.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रश्नच मिटतो, आकाशच नसतं. तेव्हा खरी काळजी बुरशीची. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी आली की ती बुरशी. आयपीस हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. तांदळात ठेवू नका, पीठ उडतं. ऑक्टोबरात पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा धुतलेलं आकाश आणि स्वच्छ काचा एकाच वेळी मिळतील.

आता आरसा

इतकं सगळं करून, रात्री दहानंतर, डोक्यावरच्या ताऱ्याचा ठिपका होतच नसेल, एका बाजूला शेपूट फुटल्यासारखं दिसत असेल, तरच. पुन्हा फोकस किंचित बिघडवा. वड्याचं भोक मधोमध असेल तर आरसा सरळ आहे, थांबा. एका बाजूला सरकलं असेल तर आरसा तिरका.

पुस्तकं सांगतात, ही चाचणी ध्रुवावर करा, तो हलत नाही. नाशिकला ध्रुव २० अंशांवर, जाड हवेत आणि शहराच्या उजेडात. त्यावर भरवसा ठेवूनच मी आरसा बिघडवला होता. डोक्यावर असलेला मध्यम तेजाचा कोणताही तारा घ्या, सरकला की परत मध्ये आणा.

घाबरण्यासारखं फारसं नाही, कारण ७०० भागिले ७६ म्हणजे नऊहून जास्त येतं, आणि एवढ्या लांब गुणोत्तराची दुर्बीण आरशाच्या लहानसहान चुका पोटात घालते. मोठ्या तोंडाच्या आखूड दुर्बिणी इतक्या क्षमाशील नसतात.

स्क्रूंना हात लावण्याआधी प्रत्येकावर आणि त्याच्या शेजारच्या पत्र्यावर नेलपेंटचा एकेक ठिपका द्या, म्हणजे परत यायची वाट राहते. मागच्या तीन स्क्रूंपैकी एकच घ्या, एक अष्टमांश फेरा. तारा बाजूला जाईल, तो मध्ये आणा, मगच वडा बघा. भोक मध्याकडे आलं तर त्याच दिशेनं आणखी, लांब गेलं तर ठिपक्यावर परत आणून दुसरा स्क्रू. तारा मध्ये न आणता निवाडा केलात तर सगळं पुन्हा.

माझ्या दुर्बिणीवरचे ठिपके गडद लाल आहेत, लग्नातलं उरलेलं नेलपेंट. गेले दोन हिवाळे स्क्रूवरचा ठिपका पत्र्यावरच्या ठिपक्याला चिकटून आहे.